किल्लीचे सहा शब्द

अकरा वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला तेव्हा मी नकाशावर एका वॉल्व्हचा नंबर टाकत होतो. शाळेच्या वेळात ती कधी फोन करत नाही, त्यामुळे हातातलं तसंच ठेवून मी जिन्यात गेलो. "अरे, तुझा डबा बंद आहे का?" तिनं विचारलं. आवाज हळू होता, म्हणजे समोर कुणीतरी बसलेलं होतं. "व्हिडिओ उघडत नाहीयेत. एकही नाही. एक आई आलीय, मुलीचं नाव काढायचं म्हणते. वर्षभरात काडीचा फरक नाही म्हणते. मला तिला पहिल्या दिवसाचा व्हिडिओ दाखवायचाय. चार वाजता वर्ग सुटला की ती मुलीला घेऊन जाणार, ती कायमचीच." मी म्हटलं, "बघतो. पाच मिनिटं दे." हे मी इतक्या सहज म्हटलं की फोन ठेवून जागेवर येईपर्यंत माझा स्वतःवर विश्वास होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या माणसाला एक सवय लागते. पाणी आलं नाही की आधी वरचा वॉल्व्ह बघायचा, मग खालचा, आणि कुठेतरी कुणीतरी काहीतरी फिरवून ठेवलेलं सापडतंच. मी घरच्या डब्यात इथूनच शिरलो, डिस्क बघितली, आणि ती रिकामी होती. बिघडलेली नव्हती. स्वच्छ होती. ओला बोळा फिरवून पुसावी तशी.

डबा म्हणजे घरातला सर्व्हर. सर्व्हर हे नाव आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी घेत नाही. कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात तो नऊ वर्षं चालू आहे, कचेरीनं भंगारात काढलेला एक जुना संगणक, त्यात विंडोजऐवजी लिनक्स, आणि आतलं सगळं सारखंच असलेल्या दोन डिस्क, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते. बायकोच्या साड्यांना कायम ऊब मिळते, हा त्याचा एकमेव कौतुकाचा गुण. बाकी सगळे वैतागलेले. दादा म्हणतो, "तुला फुकट मिळतंय ते नको, आणि विकत घेऊन डोक्याला ताप पाहिजे." आई म्हणते, "आमच्याकडचं काय चोरणार आहेत रे ते? माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची नावं?" मी घरच्यांसाठी गप्पा मारायची आपली स्वतःची सोयही करून दिली होती, कुठल्या कंपनीच्या कानावर काही पडायला नको म्हणून. त्यावर वर्षभर मी एकटाच सुप्रभात घालत होतो. शेवटी वहिनीनं दया येऊन एकदा अंगठा पाठवला. या सगळ्याचं मला वाईट वाटत नसे असं नाही, पण वाईट वाटण्यापेक्षा आपण बरोबर आहोत हे वाटणं जास्त गोड असतं, आणि ते मी पुष्कळ चाखलं. आणि शिवाय व्हिडिओ होते. व्हिडिओंपुढे दादाचंही तोंड बंद व्हायचं.

बायको ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. तीन-चार वर्षांची मुलं येतात, कानामागे यंत्र, चेहऱ्यावर काहीच नाही. प्रत्येक मुलाचा पहिल्या दिवशी ती चार मिनिटांचा व्हिडिओ काढते, मग तीन महिन्यांनी, मग सहा. कारण या कामात फरक इतका हळू पडतो की रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही. वर्षभरानं आईबाप येऊन बसतात आणि थकलेल्या आवाजात सांगतात की काही होत नाहीये. मग ती त्यांना जुना व्हिडिओ दाखवते. बोलत काही नाही, नुसता दाखवते. नऊ वर्षांपूर्वी तिनं हे सुरू करायचं ठरवलं तेव्हा पालकच तयार होईनात. आमच्या मुलांचे हे चेहरे कुठे कुठे जातील, कोण बघेल, उद्या लग्नाच्या वेळी कुणी काढून दाखवेल. तेव्हा तिनं मला सभेला नेलं आणि मी उभं राहून सांगितलं की हे व्हिडिओ कुठल्याही कंपनीकडे जाणार नाहीत, आमच्या घरात राहतील, त्याला कुलूप असेल आणि किल्ली फक्त माझ्याकडे असेल. एक बसचालक बाप मागून म्हणाला होता, "आणि तुमच्याच हातून गेले तर?" सगळे हसले. मीही हसलो. मग सगळ्यांनी सह्या केल्या. एकशे बारा मुलं झाली तेव्हापासून. त्यातला एकही व्हिडिओ मी बघितलेला नाही. ते माझे नव्हते. प्रत्येक फाइल किती मोठी, कधी आली, एक अक्षरभरही बदलली आहे का, हे मला पाठ होतं, पण आत कोण आहे ते ठाऊक नव्हतं, आणि याचा मला अभिमान होता.

रिकाम्या डिस्ककडे बघताना सकाळ मला उलट्या क्रमानं आठवत गेली. आधी ड्रिलचा वास. मग तो आवाज. मग त्याआधीचं. दोन डिस्कपैकी एक आठवडाभर कुरकुरत होती, म्हणून नवी आणली होती, आणि आज आंघोळीआधी अर्ध्या तासात बदलून टाकू म्हटलं. जुनी काढली, नवी लावली, डबा परत चालू केला. आता नवी पुसून घ्यायची आणि चांगलीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं. परत चालू करताना डबा डिस्कची नावं कधीकधी आपल्या मनानं बदलतो. पहिलीला दुसरी म्हणतो, दुसरीला पहिली. हे मला माहीत आहे. हे मी गेली दहा वर्षं आम्हा लिनक्सवाल्यांच्या फोरमवर नवख्यांना दरडावून सांगत आलोय. दोनदा बघा, मग एकदा पुसा. मी बघितलं नाही. चांगली होती ती पुसली, आणि कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण तिच्यावर इमानेइतबारे उतरवलं. पडद्यावर काम पूर्ण झाल्याचा शब्द आला. तो बघून मी जुनी, कुरकुरणारी डिस्क गच्चीत नेली आणि तिला ड्रिलनं तीन भोकं पाडली. भंगारवाल्याच्या हाती मुलांचे चेहरे जायला नकोत म्हणून. पुस्तकात लिहिलंय तसं, तिन्ही भोकं तबकडीच्या आरपार. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "तुमचं बाई सगळं अगदी व्यवस्थित असतं." मी "हो" म्हणालो.

साहेबांना पोटदुखीचं कारण सांगून मी निघालो. घरी पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. घर दुपारचं होतं, सकाळच्या चहाचे कप तसेच, आणि मला ते कप बघून रडू यायला लागलं, जे अगदी मूर्खपणाचं होतं. मी कप धुतले. कप धुताना आठवलं की तिसरी प्रत आहे. आठवलं म्हणजे विसरलो नव्हतोच, ती माझी तयारीच होती, फक्त घाबरलेल्या माणसाला स्वतःची तयारी आठवायला वेळ लागतो. फोरमवरचा आमचा नियम आहे, एक प्रत घराबाहेर पाहिजे. घराला आग लागली, पाणी शिरलं, तर? पण घराबाहेर म्हणजे कुणाकडे? कंपनीकडे नको. म्हणून आम्ही एकमेकांकडे ठेवतो. माझी डिस्क फोरमवर उंदीरमामा म्हणवणाऱ्याच्या घरी आहे, त्याची माझ्या घरी, कपाटावर. सहा वर्षांपूर्वी पोस्टानं पाठवल्या एकमेकांना. उंदीरमामाला मी कधी बघितलेलं नाही. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, पार्सलावर त्याच्या सासऱ्यांचं नाव होतं. आमची ओळख भांडणातून झाली. त्याचं म्हणणं लिनक्स कसं रोजच्या रोज ताजं पाहिजे, माझं म्हणणं जुनं आणि मुरलेलं पाहिजे, आणि यावर आम्ही एकदा अकरा दिवस एकमेकांची अक्कल काढत होतो. बाराव्या दिवशी त्यानं मला निरोप पाठवला, की तुझ्याइतका हट्टी माणूस माझी डिस्क नीट सांभाळेल, ठेवतोस का? तेव्हापासून दर रविवारी माझा डबा आपण होऊन त्याच्याकडच्या डिस्कवर नवं ते पाठवतो, कुलूपबंद. त्याला आत काय आहे ते दिसत नाही, मला त्याचं दिसत नाही. इतका विश्वास मी सख्ख्या भावावर टाकलेला नाही.

लॅपटॉप उघडून त्याला लिहिलं. तो होताच. तो कायम असतो, आणि फोरमवरच्या माझ्या नावानंच हाक मारतो. "कुलूपदादा, कामाच्या वेळात? कुणी गेलं काय?" मी सांगितलं. डिस्कची नावं, कोरेपण, सगळं. ड्रिलचंही सांगितलं. मला वाटलं हसेल. मग आलं, "अरे बाबा. माझ्याकडची ठणठणीत आहे, आत्ताच हात लावून बघितला. गरम आहे. ये, उघड." मी त्याच्या यंत्रात शिरलो. डिस्क होती. रविवारपर्यंतचं सगळं होतं. पडद्यावर एक ओळ आली, किल्ली मागणारी, आणि मी किल्ली घ्यायला पासवर्डांच्या तिजोरीकडे गेलो. तिजोरी डब्यात होती. डबा कोरा होता.

किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी घरात ठेवली आणि घर पाडलं. कागदावर? कागदावर मी काही लिहीत नाही, कागद कुणाच्याही हाती लागतो. फोनवर? फोन चोरीला जातो, म्हणून फोनवर काही ठेवत नाही. उंदीरमामा म्हणाला, "कुणाला तरी सांगितली असशील ना? बायकोला?" एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, बायकोनं विचारलं होतं की तुला उद्या काही झालं तर हे डब्यातलं मला कसं उघडायचं. मी म्हटलं होतं, मला काय होतंय. तिला वाटलं मी तिला धीर देतोय. मी टाळत होतो. सांगितलेली किल्ली ही किल्ली नसते, हे वाक्य मी फोरमवर स्वतःच्या नावाखाली सहीसारखं लावून ठेवलेलं आहे.

किल्ली सहा शब्दांची होती. असे शब्द मनानं निवडायचे नसतात, माणूस निवडायला गेला की आपल्या बायकोचं, कुत्र्याचं, गावाचं नाव घालतो आणि चोराला तेच पाहिजे असतं. म्हणून फासे टाकायचे. पाच फासे, आलेला आकडा यादीत बघायचा, त्यासमोरचा शब्द घ्यायचा. मराठी यादी आम्ही फोरमवाल्यांनीच मिळून केली होती, सात हजार सातशे शहात्तर शब्द, आणि तीत 'उचकी' घ्यायचं की नाही यावर दोघं जण फोरम सोडून गेले. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो. घुबड. ते लगेच आलं, पहिलं घुबड. मग काहीतरी. मग थर्मास, झाकण. मग काहीतरी. शेवटी साखळी. चार होते, दुसरा आणि पाचवा नव्हता. सहा वर्षांत मी एकदाही ते हातानं टाइप केले नव्हते, डबाच माझ्यासाठी टाकत होता. यादी फोरमवर होतीच. उंदीरमामानं लगेच हिशोब करून पाठवला. दोन शब्द म्हणजे सहा कोटींवर जोड्या, आणि कुलूप मीच मुद्दाम संथ करून ठेवलेलं, चोर दमावा म्हणून, एका प्रयत्नाला दोन सेकंद. "जवळजवळ चार वर्षं, न झोपता," त्यानं लिहिलं. "तेवढ्यात आठवेल म्हणा."

मी यादी वाचायला घेतली. वाटलं, शब्द डोळ्यांखालून गेला की ओळखू येईल. अंकुर. अंगठी. अडकित्ता. अंगठीपाशी थांबलो. अंगठी होती का? बायकोची अंगठी आमच्या लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात पिठात पडली होती आणि मी ते सगळं पीठ चाळून काढलं होतं, ती हसत होती, मी चिडलो होतो. नाही, ही आठवण अंगठीची, किल्लीची नव्हे. आरसा. आवळा. इस्त्री. इस्त्री वाटलं, घुबडामागं लावून म्हणून बघितलं, नाही. उशी. कंदील. कंदील तर नक्कीच वाटला, पण ते दुसरंच होतं. लहानपणी वीज गेली की बाबा कंदील लावायचे आणि भिंतीवर बोटांचा ससा करायचे, आणि बाबांचा एकही आवाज माझ्याकडे नाही, एकही चालता-बोलता तुकडा नाही, कारण तेव्हा असं काही काढत नसत. याचं मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. खुंटी. गाजर. गोणपाट. हळूहळू प्रत्येकच शब्द तो वाटायला लागला, आणि मग एकही वाटेना. शब्द नुसते उभे राहिले, कुणाचेच नसलेले. मला आतून थंड भीती वाटली. मुलगी जाईल. एक चार-पाच वर्षांची मुलगी, जिचं नाव मला माहीत नाही, चार वाजता आईचं बोट धरून शाळेच्या दारातून बाहेर पडेल आणि परत येणार नाही, आणि तिला कधीच कळणार नाही की मी एका नकाशावाल्याच्या शहाणपणामुळे गेले. आणि बाकीच्या एकशे अकरांचे पहिले दिवस. ते पुन्हा काढता येत नाहीत. पहिला दिवस एकदाच असतो.

अडीच वाजता मी यादी बंद केली. बायकोला हे फोनवर सांगणं मला शक्य नव्हतं, आणि चार वाजायच्या आत सांगणं भाग होतं, निदान त्या आईसमोर ती वाट बघत बसायला नको. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि बस पकडली. बसमध्ये मी वाक्यं तयार करत होतो. 'एक गडबड झालीय' असं सुरू होणारं एक. 'तू रागावू नकोस' असं दुसरं. नऊ वर्षांत मी तिच्या शाळेत त्या एका सभेनंतर गेलो नव्हतो. नेहमी काही ना काही असायचं, डब्याचं काहीतरी. शिपाईकाकांनी विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, बाईंचा नवरा. ते म्हणाले, "असं होय! डबेवाले तुम्हीच का?" त्यांनी मला व्हरांडा दाखवला आणि मी तिच्या वर्गाच्या बंद दाराबाहेर उभा राहिलो, तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही जवळ नसलेला.

आतून आवाज येत होते. असे आवाज मी कधी ऐकले नव्हते. जाड, एकसुरी, मध्येच फार मोठे, मध्येच विझणारे, प्रत्येक मूल आपल्या वेगळ्याच उंचीवर, आणि सगळे मिळून काहीतरी म्हणत होते. काय ते पहिल्यांदा मला समजलंच नाही. दुसऱ्यांदाही कान त्या आवाजालाच बिलगून राहिला. तिसऱ्यांदा मला घुबड ऐकू आलं. मी समजलो, डोक्यात बसलंय म्हणून ऐकू येतंय. दिवसभर तेच घोकल्यावर येणारच. मग थर्मास आलं. माझा हात दाराच्या कडीवर होता तो तिथंच राहिला. झाकण. शेवटी साखळी, सगळ्यांनी मिळून, ताणून. मी दार थोडं ढकललं. वर्गात नऊ-दहा मुलं अर्धगोल करून बसली होती, प्रत्येकाच्या हातात कागदाची एक पट्टी, ओठांसमोर धरलेली. भिंतीवर मोठमोठी सहा चित्रं होती, चित्रांखाली ठळक शब्द. घुबड, फणी, थर्मास, झाकण, भोवरा, साखळी. फणी म्हणताना सगळ्या पट्ट्या एकदम फडफडल्या.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. लॅपटॉप मांडीवर उघडला, फोनवरून उंदीरमामाच्या यंत्राला जोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा किल्ली उघड्या जागेत, शिपाईकाका मागं उभे असताना टाइप केली. दोन सेकंद गेले. डिस्क उघडली. एकशे बारा नावांच्या एकशे बारा थैल्या ओळीनं आल्या, एकही कमी नाही. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असणार, कारण काका म्हणाले, "पाणी आणू?" मी म्हटलं, आणा. घटाघट प्यायलो. छातीवरून कुणीतरी पाट उचलून ठेवावा तसं मला हलकं हलकं वाटलं, हसू येत होतं, आणि आवरत नव्हतं. उंदीरमामाला लिहिलं, उघडली. त्यानं लिहिलं, "कुठे होती?" मी लिहिलं, मुलांकडे. "कुठल्या मुलांकडे? तुला मुलं कुठे आहेत? प्यायलायस काय दिवसाढवळ्या?" मी लिहिलं, पाणी.

बायको बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. "आलास? मिळालं का?" मी मान हलवली आणि मग सगळं सांगून टाकलं, डिस्कचं, ड्रिलचं, किल्लीचं, एका दमात, कारण आता भीती नव्हती आणि भीती नसताना खरं बोलणं फार सोपं असतं. तिचा चेहरा ड्रिलपाशी पांढरा पडला. मग मी भिंतीकडे बोट दाखवलं. "हे शब्द कुठून आणलेस तू?" "तुझेच तर आहेत," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी आठवडाभर पुटपुटत होतास की. दाढी करताना, भांडी पुसताना. मी विचारलं काय रे म्हणतोस, तर म्हणालास काही नाही. मी म्हटलं, अरे वा, हे तर आयतेच मिळाले. घ, फ, थ, झ, भ, सगळी श्वासाची अक्षरं आणि शेवटी स. आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणजे मुलांना अंदाजानं म्हणता येत नाहीत, ओठ नीट बघावेच लागतात. असे शब्द शोधून सापडत नाहीत." मी म्हटलं, "अगं, ती किल्ली होती." तिनं वळून वर्गाकडे बघितलं. "म्हणजे ही माझी सगळी पोरं..." "सगळी." "आणि त्यांच्या आया. मी कार्ड देते घरी. आजीआजोबा करून घेतात." आम्ही दोघं व्हरांड्यात तोंडावर हात दाबून हसलो. सहा वर्षं माझं सर्वांत मोठं गुपित पन्नास-साठ घरांत सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं म्हटलं जात होतं, आणि एक माणूस सोडून सगळ्यांना ते पाठ होतं. मला याची लाज वाटायला हवी होती. मला तर कुणीतरी आपल्या माघारी घर सांभाळावं तसं वाटत होतं. "आता बदलणार असशील," ती डोळे पुसत म्हणाली. मी म्हटलं, बदलावीच लागेल. "मग या वेळी जरा ख आणि छ चे बघ. ते कमी पडतात."

ती आई मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसली होती, मांडीवर पर्स आणि पर्सवर नाव काढण्याचा अर्ज. बायकोनं लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. मी बाजूला जायला लागलो, सवयीनं, तर ती आई म्हणाली, "बसा की. तुम्हीच सांभाळलंय ना?" मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आज सकाळी मी हे घालवलं होतं. आत्ता सापडलं." ती म्हणाली, "सापडलं ना, मग झालं तर," आणि पडद्याकडे वळली. पडद्यावर एक मुलगी टेबलाखाली बसली होती. तिच्या मागं माझ्या बायकोनं लाकडी ठोकळे आपटले, मुलीनं वळून बघितलं नाही. पुन्हा आपटले. मुलगी आपल्या बुटाच्या बंदाशी खेळत होती. चार मिनिटं हेच. तोंडातून एक आवाज नाही, ओठसुद्धा हलले नाहीत. आईनं ते एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा मध्येच थांबवलं. "अशी होती?" ती म्हणाली. "मी विसरलेच होते. परवा हिनं झाकण मागितलं माझ्याकडे. डब्याचं. मी म्हटलं, नीट बोल." मग ती रडली, आणि रडताना अर्जाची घडी घालत होती, एक, दोन, तीन, इतकी लहान की शेवटी तो मुठीत मावला.

चार वाजले. मुलं बाहेर आली. टेबलाखालची मुलगी आता एक वर्षानं मोठी होती, केस कापलेले, आणि ती आईकडे न जाता आधी माझ्यासमोर येऊन थांबली, नवा माणूस दिसला म्हणून. बायको तिच्यासमोर ओठ उघडून सावकाश म्हणाली, "हे काका. काकांना पण सहा शब्द येतात." मुलीनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मग वर्गात करतात तसा तळहात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला, थंड, थोडा खडूचा, आवाज आतून हलतो का ते बघायला. मी म्हटलं, घुबड, फणी, थर्मास, झाकण, भोवरा, साखळी. घाईत म्हटलं, पाच वर्षांच्या मुलीसमोर मला उगीच ओशाळल्यासारखं झालं होतं. तिनं हात काढला नाही. मान हलवली, नाही म्हणून, आणि माझ्या डोळ्यांत बघत तिच्या बाई दिवसातून शंभर वेळा म्हणत असतील तो शब्द अगदी स्वच्छ म्हणाली, "पुन्हा."